ट्रायकोकार्ड लावूनही पोंगे का वाळले?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही घणसोलीला राहता, नोकरी ऐरोलीत. गावी, वाळवा तालुक्यात, अडीच एकर सुरू ऊस (उन्हाळ्याच्या तोंडावर लावतात तो) आहे, लागण २० जानेवारीची. शेत आण्णा बघतात, तुम्ही जमेल तशा शनिवार-रविवारी फेऱ्या मारता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोंगे, म्हणजे कोंबाची मधली गुंडाळलेली पानं, वाळायला लागले, म्हणून तुम्ही ट्रायकोकार्ड (किडीला रोखणाऱ्या बारीक माश्या ज्यातून निघतात ती कागदी कार्डं) मागवली. १५ मार्चला दोन लावली, ५ एप्रिलला आणखी दोन. पोंगे वाळायचे काही थांबले नाहीत. आता आण्णा म्हणतात, "कागदाच्या तुकड्यानं कधी कीड मरते काय? औषध मार." आई वेगळ्याच काळजीत: गांधीलमाश्या शेतात सोडल्या आणि गुरांना चावल्या तर? आणि तुम्ही विचारताय, हा सगळा प्रकार फसवणूक आहे का.

आण्णांना सांगा, त्यांचा संशय अगदी रास्त आहे. कागद कीड मारत नाही. कागदावर अंडी चिकटवलेली असतात आणि त्यातून निघणारी माशी कीड रोखते. माशी वेळेवर निघाली नाही किंवा आधीच मेली, तर हातात उरतो तो कागदच. तुमच्या पहिल्या खेपेला माश्या बहुधा जिवंत होत्या, पण उशिरा पोचल्या. दुसऱ्या खेपेला तुम्ही खरोखरच नुसता कागद लावलात. हे मी तुम्ही टाकलेल्या फोटोवरून सांगतोय, त्याकडे पुढे येतो.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली. आता निवृत्त होऊन मुलाकडे नेरूळला असतो. म्हणजे ट्रायकोकार्ड विकणारा नाही, पण हजारोंनी बनवलेली आहेत, आणि त्यातली किती वाया जाताना पाहिली याचा हिशेबही माझ्याकडे आहे.

आधी आईची काळजी मिटवू. कार्डातून निघते ती ट्रायकोग्रामा चिलोनिस. नात्याने ती गांधीलमाशीच, पण लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्यापुढे तीळ म्हणजे म्हैस. ती माणसाला, गुराला, मधमाशीला काहीही करू शकत नाही. तिच्या पोटामागे नळी असते, पण ती पतंगांच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालायला. नेरूळच्या घरी मी एकदा नातवाला दाखवायला म्हणून एक पट्टी खिडकीजवळ ठेवली होती. या माश्या उजेडाकडे धावतात. सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, काचेवर मिरपूड सांडलीये का?" जवळ गेली तर मिरपूड चालत होती.

आता ती नेमकं काय करते. पतंगाचं अंडं सापडलं की मादी त्यावर चढते आणि मिशांनी ठोकत, वर-खाली चालत त्याचं माप घेते. त्या फेरीवरूनच तिला कळतं की आत किती जागा आहे आणि आपली किती अंडी मावतील. मग नळी टोचून अंडं घालते. फलित अंडं घातलं तर मुलगी, तसंच घातलं तर मुलगा, हेही तिच्याच हातात. उतरताना खूण ठेवते, म्हणजे दुसरी मादी शक्यतो तिथे वेळ घालवत नाही. आत तिची अळी पतंगाच्या अंड्यातला ऐवज खाऊन वाढते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अंडं बाहेरून काळं पडतं. आठ-दहा दिवसांत बारीक गोल भोक पाडून नवी माशी बाहेर. म्हणजे जिथून ऊस पोखरणारी अळी निघायची, तिथून तिची वैरीण निघते.

हे वाचताना एक गोष्ट मनात पक्की करा: ती अंडी मारते. अळीला ती काहीही करत नाही. अळी एकदा पोंग्यात शिरली की तुम्ही शेतात कार्डांचं तोरण बांधलंत तरी उपयोग नाही. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीतून निघतं.

तुमच्या उसात आहे तो खोडकिडा. त्याची मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते: तीन ते पाच ओळी, कौलं रचावीत तशी एकावर एक, चपटी, पांढुरकी. चार ते सहा दिवसांत अळी निघते. थोडे दिवस पानाच्या देठाआड घालवते, मग जमिनीलगत कोंब पोखरून आत जाते. आतला वाढीचा कोंब तुटला की वरचा पोंगा वाळतो. तो ओढला तर अलगद हातात येतो आणि कुजका, आंबलेला वास येतो. अंगावर पाच जांभळट रेघा असलेली अळी दिसली की शंका उरत नाही. अंडं घातल्यापासून पोंगा वाळून आपल्या नजरेला पडेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात.

आता तुमच्या तारखा मांडा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जे पोंगे वाळलेले दिसले, त्यांची अंडी फेब्रुवारीच्या मध्याला घातली गेली होती. लागणीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. तुम्ही कार्ड लावलं १५ मार्चला, म्हणजे चौपन्नाव्या दिवशी. पहिल्या पिढीच्या अळ्या तेव्हा कोंबात आरामात होत्या. त्यानंतर दुसरी खेप एकवीस दिवसांनी. ट्रायकोग्रामाची माशी शेतात थोडेच दिवस जगते, आणि तिला ताजी, एक-दोन दिवसांची अंडीच लागतात. आत अळी तयार होत आली की ते अंडं तिच्या कामाचं नाही. पतंग मात्र रोज रात्री अंडी घालतोच आहे. तीन आठवड्यांच्या फटीत किती अंडी निर्धास्त फुटली असतील, याचा अंदाज करा. म्हणून सुरू उसात पहिलं कार्ड लागणीनंतर महिन्याने, पोंगे वाळायची वाट न बघता, आणि मग दर सात ते दहा दिवसांनी चार ते सहा वेळा, असा क्रम असतो. तुमच्या बाबतीत पहिली तारीख २० फेब्रुवारीच्या आसपास येत होती.

लोक इथेच चुकतात, आणि त्यांचा दोषही नाही. आपल्याला सवय औषधाची. कीड दिसली की दुकानात जायचं. कार्डाचं उलट आहे, कीड दिसायच्या आधी त्याची वेळ असते. मी नोकरीत असताना शेतकरी एप्रिलमध्ये कार्ड मागायला रांग लावायचे आणि फेब्रुवारीत आमची कार्डं शीतपेटीत पडून असायची. सांगून सांगून घसा बसला.

दुसऱ्या खेपेचं कारण वेगळं. तुम्ही लिहिलंय की कार्डं सोमवारी कुरिअरने घणसोलीला आली, शनिवारपर्यंत घरात होती, आणि "पाकिटात थोडी धूळ होती, ती झटकून लावली." फोटो मोठा करून पाहिला. अंडी काळी आहेत, छान. पण बहुतेकांवर बारीक भोकं आहेत, आणि पाकिटाच्या एका कोपऱ्यात, उजेडाच्या बाजूला असेल, काळी पूड जमलीये.

ती धूळ नव्हती. त्या माश्या होत्या. वाटेत किंवा तुमच्या हॉलमध्ये निघाल्या, पाकिटातच फिरल्या आणि मेल्या. घणसोलीच्या एप्रिलच्या उकाड्यात पाच दिवस म्हणजे त्यांना भरपूर झाले.

कार्ड कसं बनतं ते कळलं तर हे टाळता येतं. प्रयोगशाळेत कोर्सिरा नावाचा पतंग पाळतात, तांदळात जाळी करणारा तोच. ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर, थोडा शेंगदाण्याचा चुरा घालून, डब्यांत त्याच्या अळ्या वाढवायच्या. महिना-सव्वा महिन्यात पतंग निघतात, त्यांची अंडी गोळा करायची, चाळायची, पंखांची खवलं काढायची. या खवल्यांनी माझ्या छातीचं वाटोळं केलं, अजून खोकतो. मास्क लावा म्हणून सांगणारा आमच्या वेळी कोणी नव्हता. मग अंड्यांवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडायचा, म्हणजे आतला पतंगाचा जीव मरतो पण अंडं ताजं राहतं. हे नीट झालं नाही तर कार्डावर कोर्सिराच्याच अळ्या निघून शेजारची अंडी खातात. कधी कार्डावर बारीक जाळं दिसलं तर समजा तिथे हलगर्जी झाली. डिंक लावलेल्या कार्डावर ही अंडी पसरायची, एका कार्डावर साधारण वीस हजार, आणि ट्रायकोग्रामाच्या माश्यांच्या सान्निध्यात ठेवायची. तीन-चार दिवसांत कार्ड काळं, सातव्या-आठव्या दिवशी माश्या बाहेर.

काळं पडल्यावर आणि फुटायच्या आधी, या मधल्या टप्प्यात कार्ड थंडीत ठेवलं तर वाढ थांबून राहते. दहा अंशांच्या आसपास. घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून, आठवडाभर चालतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर संपलं. आणि मागवताना एकच प्रश्न विचारायचा: माश्या कोणत्या तारखेला निघणार? जो तारीख सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पहिली खेप उशिरा, दोन्हींमधली फट फार मोठी, दुसरी खेप पाकिटातच मेलेली. गंमत म्हणजे संख्येत तुमची फारशी चूक नव्हती. हेक्टरी एका वेळेला पन्नास हजार हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात, तुमचं अडीच एकर म्हणजे जवळजवळ हेक्टरच, म्हणजे अडीच कार्डं. तुम्ही दोन लावलीत. एवढ्याने आभाळ कोसळत नाही.

लावण्याची पद्धत मात्र कोसळण्यासारखी आहे. प्रत्येक कार्डाचे दोन तुकडे करून तुम्ही शेताच्या चार कोपऱ्यांत काठ्यांना बांधलेत. ही माशी उडते म्हणायचं, खरं तर वाऱ्याबरोबर ढकलली जाते. पाच-दहा मीटरपलीकडे तिच्या भरवशावर राहू नका. एका कार्डाच्या वीस पट्ट्या करा. अडीच कार्डांच्या पन्नास पट्ट्या, शेत शंभर गुंठे, म्हणजे दर दोन गुंठ्यांना एक. आण्णांना गुंठ्यात सांगितलं की लगेच पटेल. पट्टी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचायची, अंडी आतल्या बाजूला, म्हणजे ऊन आणि पाणी थेट लागणार नाही. वेळ संध्याकाळची. सकाळी अकराला लावलेली पट्टी मार्चच्या उन्हात भाजते. आणि मुंग्यांकडे लक्ष द्या. मुंग्यांच्या वारुळाजवळ पट्टी लावली तर दुसऱ्या दिवशी कोरा कागद मिळतो. एका वर्षी आमच्या एका प्लॉटमध्ये सगळ्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या आणि आम्ही खूश, वा, शंभर टक्के माश्या निघाल्या! अंड्याचं टरफलही शिल्लक नव्हतं, हे दोन दिवसांनी लक्षात आलं.

आता जिथे मी ठाम सांगू शकत नाही तो भाग. वेळेवर, नीट लावूनही किती फरक पडेल, हे परिस्थितीवर आहे. खोडकिड्याला कोरडं, तापलेलं हवामान मानवतं, ट्रायकोग्रामाला ते मानवत नाही. म्हणून सुरू उसात आणि खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसात) हा सामना मुळातच माशीच्या विरुद्ध झुकलेला असतो. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला, त्या गारव्यात खोडकिडा कमी आणि माशी खूश. शिवाय तुमचं अडीच एकर हे काही बेट नाही. शेजारी लागणी मागे-पुढे असतील, तिकडून पतंग येतच राहणार. गावाने किंवा कारखान्याच्या गटाने एकत्र केलं की परिणाम वेगळाच दिसतो. एकट्याने केलं तर थोडा कमीच.

आणि फवारणी. कार्ड लावायच्या आधी आणि नंतर आठवडाभर शेतात कीटकनाशक नको. क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल यांच्यापुढे ही माशी टिकत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण शेजारच्या खोडव्यात कोणी मारलं असेल तर तेही धरा. यावरून आठवलं: बंगळुरूच्या जैविक नियंत्रण प्रकल्पाने एकेकाळी एन्डोसल्फान सोसणारी ट्रायकोग्रामाची जात निवडून तयार केली, नाव दिलं एन्डोग्राम. शेतकरी फवारणी सोडणार नाही, मग माशीलाच दणकट करू, असा विचार. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवरच बंदी आणली. माशी तयार आणि औषध गायब. मला तो विचार तेव्हाही आवडला होता, अजूनही आवडतो.

मग आत्ता औषध मारायचं की नाही? आधी मोजा. शेतात पाच ठिकाणी, कडेच्या ओळी सोडून, सरीत तीन-तीन मीटर अंतर धरून एकूण कोंब किती आणि वाळलेले किती, एवढं लिहून काढा. शंभरात पंधराच्या खाली असतील तर मी औषध मारणार नाही. उसाला फुटवे भरपूर येतात आणि त्यातले बरेच तसेही गाळपाच्या उसापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे थोडं नुकसान पीक स्वतः भरून काढतं. पंधराच्या वर असेल तर कृषी सहायकाला किंवा कारखान्याच्या शेतकी विभागाला दाखवून त्यांच्या सल्ल्याने मारा. कार्डाचा हट्ट नको. क्लोरँट्रॅनिलीप्रोलसारखी काही औषधं ट्रायकोग्रामाला तुलनेने कमी घातक आहेत, निवड असेल तर ते बघा.

दोन्ही परिस्थितींत पाणी ताणू नका, हलकी भर लावून घ्या. कोंबाच्या बुडाशी माती आली की अळीची आत शिरायची जागा झाकते. पुढच्या वर्षी लागणीनंतर लगेच सरीत पाचटाचं आच्छादन करा. माझ्या मते खोडकिड्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच. पाचट पेटवणं बंद करा, त्यात मित्रकीटकही जळतात. बांधावर थोडी कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. माशीला मध लागतो.

वाळलेले पोंगे जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करा, असं सगळे सांगतात, मीही सांगतो. फक्त नष्ट करायच्या आधी चार-पाच चिरून बघा. आत अळीऐवजी पांढऱ्या कापसासारखा बारीक कोशांचा पुंजका दिसला तर तो कोटेशिया फ्लॅविपसचा आहे. हीसुद्धा गांधीलमाशी, पण ही अळीवर काम करते. भोकातून आत घुसते, अळीच्या अंगात अंडी घालते, आणि अंड्यांबरोबर एक विषाणू सोडते, जो अळीची प्रतिकारशक्ती मोडून टाकतो. मग तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि कोश विणतात. हे मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिलं तेव्हा दुपारचा डबा गेला नव्हता. ही मूळची आपल्या आशियातली. १९७० च्या दशकात ब्राझीलने ती तिथल्या ऊस पोखरणाऱ्या अळीसाठी नेली आणि आज तिथे लाखो हेक्टरवर सोडतात. आपल्याकडे ती न बोलावता शेतात असते आणि आपण तिला पोंग्यासकट जाळतो. पांढरा पुंजका दिसला की तो पोंगा सावलीत बांधावर ठेवून द्या. तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून मोठा कोश दिसला तरी ठेवा. तो स्टर्मिऑप्सिस नावाच्या माशीचा असू शकतो, तिचं कामही हेच.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने हुमणीला (जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या अळीला) हे कार्ड चालेल का विचारलंय. नाही. हुमणीचा भुंगेरा जमिनीत अंडी घालतो, ट्रायकोग्रामा तिथे पोचत नाही. तिथे वळवाच्या पहिल्या पावसानंतर बाभूळ-कडुनिंबावरचे भुंगेरे रात्री गोळा करणं, हेच खरं. पानांतला रस शोषणाऱ्या लोकरी माव्यालाही हे कार्ड नाही, पण त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात तो आला तेव्हा पानांच्या खाली पांढरी गादी, वर चिकटा आणि काळी बुरशी, शेतात शिरलं की शर्ट काळा. पहिल्या वर्षी लोकांनी नुसती फवारणी केली, विमानाने मारा अशीही मागणी झाली. सावरलं ते मित्रकीटकांनी. डिफाची अळी आणि मायक्रोमस हे दोघे मावा खाणारे, आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया, ही पुन्हा एक बारीक गांधीलमाशीच. आम्ही एका शेतातली डिफाचे कोश असलेली पानं पोत्यात भरून मोटारसायकलवरून दुसऱ्या शेतात नेऊन टाचायचो. एन्कार्सिया एकदा स्थिरावली, की दरवर्षी सोडायची गरज उरली नाही. ट्रायकोग्रामाचं तसं नाही, ती दरवर्षी, दर खेपेला सोडावी लागते. हा फरक लोक विसरतात.

आता तुमच्या पुढच्या कामाकडे. खोडकिड्याची वेळ मोठ्या बांधणीपर्यंत, म्हणजे उसाच्या बुडाला भरपूर माती चढवेपर्यंत, तुमच्याकडे ती मेअखेरीस होईल. त्यासाठी आता नव्याने कार्डांवर पैसे घालू नका. ते पैसे कांडी किडीसाठी, म्हणजे पुढे उसाच्या कांड्या पोखरणाऱ्या अळीसाठी, ठेवा.

कांडी कीड बघायला गावी जायची गरज नाही. ठाण्यात ऊस पिकत नाही, पिळला मात्र मुबलक जातो. ठाणे स्टेशनच्या बाहेर किंवा तुमच्या घणसोलीत कुठल्याही रसवंतीवर उभे राहा आणि मोळीतल्या कांड्या नीट बघा. कांडीवर बारीक गोल भोक, भोकाच्या तोंडाशी भुसा. मागच्या आठवड्यात नेरूळला मी रसवाल्याकडून तशी एक कांडी मागून घेतली आणि घरी येऊन उभी चिरली. भोकापासून वर जाणारा लाल बोगदा, बोगद्यात काळपट भुसा, आणि एक कांडी आखूड राहिलेली. रसवाला म्हणाला, "काका, लाल ऊस गोड लागतो." गोड नाही, तिथली साखर उतरलेली असते. आणि लाल दिसला म्हणजे लाल कूज, असंही नाही. लाल कुजीत लालीमध्ये आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबूस वास येतो. इथे लाली बोगद्याच्या कडेपुरती.

या किडीवर ट्रायकोग्रामा मनापासून काम करते, कारण वेळ पावसाळ्याची, हवा दमट, उसाची सावली पडलेली. कांड्या सुटायला लागल्या की, म्हणजे तुमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी सहा वेळा. प्रमाण तेच, पट्ट्या त्याच. जोडीला पाचव्या आणि सातव्या महिन्यात खालची वाळलेली पानं काढून सरीत टाका. पतंगाला लपायला जागा उरत नाही आणि तुम्हाला पट्टी टाचायला आत शिरता येतं.

कार्डं घणसोलीच्या पत्त्यावर मागवू नका, थेट गावी मागवा. तुम्हालाच न्यायची असतील तर शुक्रवारी रात्री निघताना जेवणाच्या थर्मासच्या डब्यात, तळाशी बर्फाची पिशवी, मधे जाड रुमाल, वर कार्डं. डिकीत नाही, पायाशी. आणि प्रत्येक खेपेतली एक पट्टी लावू नका. ती काचेच्या स्वच्छ बाटलीत टाका, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि आण्णांच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवा. दोन दिवसांत काचेवर मिरपूड चालायला लागली, तर शेतातल्या पट्ट्याही फुटल्यात असं समजा. नाही चालली तर विकणाऱ्याला बाटलीचा फोटो पाठवून कार्डं बदलून मागा. आण्णांना म्हणावं, चष्मा लावून बघा.